डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी सांगितली आहे? आधी काय सांगायचं आणि नंतर किती गप्प बसायचं

प्रश्न असा आहे: वय 46, शाळेत शिकवते. तीन महिने आवाज बसलेला आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा डाव्या व्होकल कॉर्डवर (स्वरयंत्रातल्या थरथरून आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर) पांढरा चट्टा दिसला. आता भूल देऊन डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी (तोंडातून सरळ नळी घालून स्वरयंत्र पाहणं) आणि बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) करायला सांगितलं आहे. एकदा दुर्बिणीतून पाहिलंच आहे, तर पुन्हा भूल कशाला? आवाज कायमचा जाईल का? आणि तुकडा काढला की आजार पसरतो म्हणतात, ते खरं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण झोप तोच उडवत असणार. तुकडा काढल्यामुळे स्वरयंत्राचा कॅन्सर पसरत नाही. हा समज का टिकून आहे, तेही सांगतो. पूर्वी बरेच रुग्ण महिनोन्महिने घरगुती उपाय करून मग यायचे. बायोप्सी व्हायची तेव्हा आजार आधीच पुढे गेलेला असायचा, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो गळ्यात गाठीच्या रूपाने दिसायला लागायचा. नातेवाइकांच्या लक्षात राहायचं ते एवढंच, की 'हात लावला आणि वाढलं'. उशिराचं खापर तुकड्यावर फुटायचं.

दुसरं म्हणजे पांढरा चट्टा हे आजाराचं नाव नाही. भिंतीवर ओल दिसते म्हणावं, तसं ते फक्त वर्णन आहे. सतत घासलं गेल्याने पृष्ठभाग जाड झाला तरी पांढरं दिसतं. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप ओढणाऱ्यांना बुरशी लागते, तीही पांढरीच दिसते. पेशींत बिघाड सुरू झालेला असू शकतो, आणि काही वेळा सुरुवातीचा कॅन्सर असतो. नुसत्या नजरेने यातलं नेमकं काय हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तीस वर्षं घसे पाहतोय, मलाही सांगता येत नाही. आणि समजा नको तेच निघालं, तरी व्होकल कॉर्ड ही त्या बाबतीत शरीरातली बरीशी जागा आहे. तिथे जरा खडबडीतपणा आला की आवाज लगेच बिघडतो, म्हणून आजार लवकर सापडतो. शिवाय कॉर्डच्या काठावर लसिकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून आजार गाठींपर्यंत पोहोचतो त्या बारीक नळ्या, फार कमी असतात, त्यामुळे तो गळ्याच्या गाठींत सहसा उशिरा जातो. फक्त कॉर्डपुरत्या मर्यादित, सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये दहापैकी नऊच्या आसपास रुग्णांत आजार आटोक्यात येतो. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला तर तपासून घ्या, असं आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

आता पुन्हा भूल कशाला, याकडे वळू. 'डायरेक्ट' या शब्दातच उत्तर आहे. तोंड आडवं आणि श्वासनलिका उभी, त्यामुळे घशात वाकून कितीही पाहिलं तरी स्वरयंत्र कोपऱ्याच्या पलीकडे राहतं. 1854 मध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर उन्हाचा कवडसा पाडून स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं. (हे सुचलं डॉक्टरला नाही, गाणं शिकवणाऱ्याला, आम्हाला ते अजून थोडं बोचतं.) पण आरशातलं दिसणं म्हणजे वळसा घालून दिसणं. 1895 मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइनला कळलं की अन्ननलिकेत घालायची नळी एकदा चुकून श्वासनलिकेत गेली होती. म्हणजे तोंडापासून श्वासनलिकेपर्यंत सरळ रेषा काढता येते! मान खालून थोडी उचलायची, डोकं मागे झुकवायचं, जीभ आणि जबडा वर उचलून धरायचा आणि त्यातून धातूची सरळ पोकळ नळी बसवायची. मग डोळा, नळी आणि व्होकल कॉर्ड एका रेषेत येतात. आजही तत्त्व तेच आहे.

ही सरळ रेषा एवढी लक्षात ठेवा. तपासणीआधी काय सांगायचं आणि नंतर काय दुखणार, हे जवळजवळ सगळं त्यावरून आपोआप कळतं.

नाकातून घातलेली दुर्बीण वाकते, म्हणून ती जागेपणी घालता येते. तिने कॉर्ड हलतात कशा, हे उत्तम दिसतं; किंबहुना हालचाल जागेपणीच नीट कळते. पण तुम्ही गिळता, खोकता, श्वास घेता, आणि समोरचा भाग सतत हलत राहतो. कॉर्डची खालची बाजू, तिच्या वरची खोबण, दोन्ही कॉर्ड जिथे पुढे मिळतात तो कोपरा, हे तीन भाग नीट दिसत नाहीत. काही ठिकाणी जागेपणीच तुकडा घेण्याची सोय असते आणि निवडक रुग्णांत ती चालते. पण बोलणं हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या कॉर्डवरून अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात काही काढायचं असेल तर कॉर्ड स्थिर हवी, मायक्रोस्कोप हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. नळी आधारावर टांगून ठेवली की हात मोकळे होतात. मायक्रोस्कोपला 400 मिलिमीटरचं भिंग लावतात, म्हणजे सर्जन तेवढ्या अंतरावरून लांब दांड्याच्या बारीक अवजारांनी काम करतो. कागदावर याला कधी डीएल स्कोपी लिहिलेलं दिसेल, कधी एमएलएस किंवा मायक्रोलॅरिंगोस्कोपी. भूलतज्ज्ञ श्वासाची नळी घालताना काही सेकंद स्वरयंत्र पाहतात, त्यालाही डायरेक्ट लॅरिंगोस्कोपीच म्हणतात. नाव एक, कामं दोन. जुन्या ऑपरेशनच्या कागदांत हा शब्द सापडला म्हणून 'माझी आधी झाली आहे' असं समजू नका.

आता तुम्ही काय सांगायचं. रेषेच्या वाटेत काय येईल, असा विचार करा. पहिले येतात वरचे पुढचे दात. हलणारा दात, कॅप, ब्रिज, नुकतंच केलेलं रूट कॅनाल, काढता येणारी कवळी, सगळं सांगा. लोक आजारांची यादी बिनचूक देतात आणि दात विसरतात. एकदा एका गृहस्थांनी समोरच्या दाताला कॅप आहे हे सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं. नळी बसवताना ती निघाली. कॉर्डवरचं काम वीस मिनिटांत झालं, कॅप श्वासनलिकेत गेलेली नाही याची खात्री करायला त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी ती गालाच्या आत सापडली. आधी माहीत असतं तर आम्ही दातांवरचं रबरी कवच वेगळ्या पद्धतीने बसवलं असतं, किंवा आधी दंतवैद्याकडे पाठवलं असतं.

मग जबडा. तुमची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सांगा. मग मान: मणक्याचा त्रास, मान मागे नेल्यावर हातात मुंग्या किंवा चक्कर, जुनी दुखापत. संधिवाताच्या, म्हणजे रुमेटॉइडच्या रुग्णांनी हे विशेष करून सांगायचं, कारण त्यांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात आणि डोकं मागे झुकवणं धोक्याचं ठरू शकतं. याशिवाय मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबणं, आंबट पाणी वर येणं, आणि याआधी भूल देताना झालेली कोणतीही अडचण. चालताना किंवा झोपल्यावर श्वासाला आवाज येत असेल, तर ते तारखेची वाट न पाहता आजच कळवा. त्यावरून अख्खी योजना बदलते.

औषधांबाबत एकच आग्रह: स्वतःच्या मनाने काही बंद करू नका आणि काही लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या, हे त्या का चालू आहेत यावर ठरतं. हृदयात स्टेंट असलेल्याने कॉर्डवरच्या मोहरीएवढ्या तुकड्यासाठी परस्पर गोळी सोडणं हा फार वाईट सौदा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन किंवा साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात, म्हणून भूलतज्ज्ञाला ती माहीत हवीत. दम्याचा पंप असेल तर सोबत आणा.

उपाशी राहण्याचा नियम साधारण असा: हलकं खाणं 6 तास आधी बंद, तेलकट किंवा भरपेट जेवण 8 तास आधी, आणि निव्वळ पाणी 2 तास आधीपर्यंत. दूध आणि दूध घातलेला चहा खाण्यात मोजतात, पाण्यात नाही. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. 'दोनच घोट घेतले' हे वाक्य टेबलावर झोपल्यावर सांगू नका, आधी सांगा. फार तर ऑपरेशन पुढे जाईल. आणि त्या दिवशी ताप किंवा छातीत कफ असेल, तर तारीख बदलून घेण्यात काही कमीपणा नाही.

सही करण्याआधी सर्जनला दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली: नुसता नमुना घेणार, की चट्टा पूर्ण काढणार? छोटा, वरवरचा चट्टा असेल तर अनेकदा तो एकाच वेळी पूर्ण काढला जातो. मग तपासणी आणि उपचार एकाच भुलीत होतात. दुसरी: दोन्ही कॉर्डवर काही असेल तर काय? पुढच्या कोपऱ्यात दोन्ही बाजू एकाच वेळी खरवडल्या गेल्या तर त्या समोरासमोर चिकटून मध्ये पडदा तयार होऊ शकतो, आणि तो नंतर मोठी डोकेदुखी होतो. म्हणून कधी कधी एक बाजू आज आणि दुसरी काही आठवड्यांनी, असं ठरवतात. हे आधी माहीत असलं की 'अर्धवटच केलं' असा गैरसमज होत नाही.

थिएटरमध्ये तुम्हाला आठवेल ते हाताला लावलेलं सलाईन आणि तोंडावरचा मास्क, एवढंच. पुढे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना एकाच वाटेवर काम करायचं असतं: आम्हाला कॉर्ड दिसायला हवी, त्यांना तिथूनच श्वास द्यायचा असतो. म्हणून नेहमीपेक्षा बारीक नळी घालतात, किंवा काही वेळा नळी न ठेवता झोताने ऑक्सिजन देतात. बाकी काम बहुतेकदा पंधरा मिनिटं ते पाऊण तासात होतं. रक्त थांबवायला अॅड्रेनलिनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काही क्षण दाबून धरतात. बाहेरून कुठेही चिरा नसतो, टाकाही नसतो.

आवाजाचं काय? व्होकल कॉर्ड थरांची असते: वर पातळ त्वचेसारखा थर, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग कडक तंतू आणि शेवटी स्नायू. स्त्रीच्या बोलण्यात ही कॉर्ड सेकंदाला सुमारे दोनशे वेळा थरथरते, आणि ही थरथर होते ती वरचा थर जेलीवर मोकळा सरकतो म्हणून. बायोप्सी वरच्या थरापुरती राहिली आणि जेली शाबूत राहिली, तर त्यावर नवी त्वचा येते आणि आवाज बहुधा आधीपेक्षा बरा होतो, कारण खडबडीत भाग गेलेला असतो. खोल जावं लागलं, तर तिथे व्रण होऊन आवाज थोडा घोगरा किंवा हवा निसटल्यासारखा राहू शकतो. खोल जायचं की नाही, हे आजार ठरवतो; सर्जनची हौस नाही. 'आवाज कायमचा जाईल' ही भीती मात्र या तपासणीला लागू नाही.

नंतर काय दुखेल? पुन्हा ती सरळ रेषा आठवा. घसा दोन-तीन दिवस दुखतो, हे सर्वांनाच अपेक्षित असतं. पण लोक घाबरतात ते जिभेने. नळी जिभेवर दाबून बसलेली असते, त्यामुळे जिभेची एक कड बधिर वाटणं, मुंग्या येणं किंवा तोंडाला धातूसारखी चव येणं काहींना होतं. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत आणि क्वचित काही महिन्यांत ते जातं. ओठाला चीर, जबडा आणि मान आखडणं, थुंकीत रक्ताचे धागे, हे पहिल्या एक-दोन दिवसांतलं नेहमीचं. काहींचं दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. ते भुलीच्या वेळी दिलेल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे असू शकतं. दात तुटणं क्वचितच होतं, पण होतं. घशाला सूज येऊन श्वासाला अडथळा होणं हे खरं गंभीर. म्हणूनच संपल्यावर काही तास नजरेखाली ठेवतात, आणि ज्यांचा श्वासमार्ग आधीच अरुंद आहे त्यांच्याशी गळ्याला तात्पुरतं छिद्र करावं लागण्याच्या शक्यतेबद्दल आधीच बोलतात. तुमच्या वर्णनात तशी काही खूण नाही.

घरी गेल्यावर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, धाप, थुंकीत धागे नव्हे तर ताजं रक्त, थुंकीसुद्धा गिळता न येणं, ताप, छातीत किंवा पाठीत जोराची कळ, मानेवर सूज येऊन दाबल्यावर करकर लागणं, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट रुग्णालयात जा. भुलीनंतरचे 24 तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत, आणि रात्री घरात कोणीतरी हवं.

आता गप्प बसणं. यावर आमच्यातच एकमत नाही. कोणी तीन दिवस म्हणतं, कोणी सात, आणि नुसता छोटा नमुना घेतला असेल तर कोणी बोलायला लगेच परवानगी देतं. मी चट्टा काढला असेल तर साधारण पाच दिवस पूर्ण मौन आणि पुढे आठवडाभर मोजकं बोलणं सांगतो. तुमचे डॉक्टर सांगतील तेवढं पाळा, पण ते कसं पाळायचं हे माझ्याकडून ऐका, कारण तिथेच गडबड होते. कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे. जोर लावून कुजबुजल्यावर घशाचे स्नायू उलट जास्त ताणले जातात. खाकरणं तर त्याहून वाईट, दोन्ही कॉर्ड एकमेकींवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. जड वस्तू उचलताना आपण नकळत कॉर्ड आवळून धरतो, म्हणून तेही टाळा. मौन सर्वांत आधी मोडतं ते फोनवर 'हॅलो' म्हणण्याच्या सवयीने, पहिल्याच दिवशी संध्याकाळी. फोन दुसऱ्याकडे द्या. वाफ घ्या, पाणी भरपूर प्या, पित्ताची गोळी दिली असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती सोडण्यासाठी याहून चांगली तारीख मिळणार नाही. तुम्ही ओढत नसाल, पण घरात कोणी ओढत असेल, तर त्यांना बाहेर पाठवा.

आणि रिपोर्ट. सहसा आठवडाभराच्या आसपास येतो. त्यात 'केराटोसिस' असेल तर पृष्ठभाग जाड झाला आहे, एवढंच. 'डिस्प्लेसिया' म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत पण कॅन्सर नाही. सौम्य की तीव्र, यावर पुढची देखरेख ठरते. 'नमुना अपुरा' असं आलं तर निराश होऊ नका, पण ते 'नॉर्मल' म्हणून फाईलमध्ये लावूनही टाकू नका. चट्टा पुन्हा आला, किंवा रिपोर्ट चांगला आणि डोळ्यांना दिसणारं वाईट, असं झालं तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आवाज सुधारल्यामुळे! आठ दिवसांत आवाज मोकळा होतो, रुग्ण खूश होतो आणि रिपोर्ट घ्यायला येतच नाही. आवाज सुधारला कारण खडबडीत भाग काढला. तो कशाचा होता हे कागद सांगणार आहे. रिपोर्टची एक प्रत आणि ऑपरेशनच्या वेळी काढलेले कॉर्डचे फोटो मागून घ्या. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी पाहिलं तर तुलनेला तेच कामी येतात.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच होतात. चट्टा काढला असेल तर दोन ते तीन आठवड्यांची रजा मागा, आणि पहिल्या दिवशी पूर्ण वेळ शिकवू नका. वर्गाच्या आवाजावर आवाज चढवण्याची सवयच अनेक शिक्षकांच्या कॉर्डना सोलते. छोटा माइक आणि स्पीकर कमरेला लावून शिकवायला सुरुवातीला संकोच वाटतो, मुलांना चार दिवसांत सवय होते. रिपोर्ट हातात आला आणि त्यात काळजीचं काही नसलं, की स्पीच थेरपिस्टकडे काही बैठका घ्या. ऑपरेशनच्या आधी एक बैठक झाली तर आणखी चांगलं, कारण मौन संपल्यावर पहिलं वाक्य कसं बोलायचं हे तेव्हाच शिकून घेता येतं.